रामजन्माला सुटलेला हात

माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही, त्याबद्दल आधीच माफी मागते. शाळा चौथीपर्यंत झाली. पुढे वडिलांनी दप्तर काढून घेतलं आणि धाकटी बहीण कडेवर दिली. हे मी कुणाला दाखवण्यासाठी लिहीत नाही. मला चारचौघांत बोलता येत नाही, म्हणून लिहिते. कुणाच्या हाती हे लागलंच, तर चुका पोटात घालाव्यात.

मागल्या वर्षी रामनवमीला माझा देवावरचा विश्वास उडाला होता. तोही घरी नाही, रामाच्या देवळात, त्याच्या पाळण्यासमोर.

आमचं गाव सोनईच्या जवळ आहे. थोरल्या नणंदेला आम्ही आक्का म्हणतो. तिचे मालक भिंगारला लष्कराच्या ऑफिसात कामाला आहेत. आक्का दर वर्षी निरोप धाडायची, "चैत्रात या आठ दिवस, नगर दाखवते." दर वर्षी काही ना काही आडवं यायचं. मागल्या वर्षी आमचे मालकच म्हणाले, "आईला घेऊन जा. तिला आता काय कळतंय, काय न्हाई, देव जाणे. पण लेकीला बघंल तरी. बाबा ऱ्हातील गुरांपाशी." माझ्या सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. दोन वर्षांपासून त्यांचं ध्यान हरपत चाललं होतं. जेवून हात धुतले की विचारायच्या, "जेवाया कवा वाढनार?" मला कधी माझ्या नावाने हाक मारायच्या, कधी त्यांच्या वारलेल्या बहिणीच्या. म्हणून निघताना मालकांनी मला एकच गोष्ट बजावली होती, "हात सोडू नको."

आठ दिवसांत काय काय पाहायचं, ते आक्काने बोटांवर मोजून ठेवलं होतं. पाडव्याला तिच्या दारातली गुढी झाली. मग कापडबाजार झाला, पण तिथून काही घेतलं नाही, नुसती लुगडी बोटांनी चाचपली. किल्ल्याचा खंदक पाहिला. उसाच्या गुऱ्हाळात रस प्यायलो, तेव्हा चरकाची घुंगरं ऐकून आत्याबाई टाळ्या वाजवू लागल्या आणि सगळं गुऱ्हाळ हसलं. आक्का लाजली. मी मात्र मनातून खूश होते, कारण कित्येक महिन्यांनी त्या अशा हसल्या होत्या. एका संध्याकाळी आक्काने आम्हाला सिनेमालाही नेलं. पडद्यावरची बाई रडायला लागली, तशा आत्याबाई मोठ्याने म्हणाल्या, "उगी, पोरी, उगी." सगळे वळून बघू लागले. मी पदरात तोंड लपवलं.

शेवटी राहिली रामनवमी. शहरातल्या रामाच्या देवळात जन्मोत्सव मोठा असतो, असं आक्का म्हणाली होती. पण त्या सकाळी तिच्या धाकट्याला ताप भरला. "तुमी दोघी जाऊन या. बस थेट जाती. पाळणा बघा, सुंठवडा घ्या आणि माघारी या," ती म्हणाली. मी घाबरले. माझ्याने कुणाला वाट विचारवत नाही. पण आत्याबाई नवं हिरवं लुगडं नेसून, कपाळभर कुंकू लावून दाराशी उभ्या होत्या. पैशाची चंची त्यांच्याच कमरेला होती. घरात मोठं माणूस असताना सुनेने पैसा बाळगायचा नाही, अशी आमच्याकडची रीत आहे. त्यांना काही आठवत नसलं, तरी चंची त्यांच्याचकडे असायची.

देवळापुढच्या मांडवात मुंगी शिरायला जागा नव्हती. बुवांचं कीर्तन रंगलं होतं. मी आत्याबाईंचा हात घट्ट धरून बायकांत उभी होते. दुपारचे बारा झाले, घंटा वाजल्या, गुलाल उडाला, सगळ्यांनी पाळण्यावर फुलं टाकली. मीही टाकली. मग सगळ्यांनी हात जोडले, तसे मीही जोडले. दोन हात जोडायचे म्हणजे धरलेला हात सोडावाच लागतो. डोळे उघडले, तेव्हा शेजारी दुसरीच बाई उभी होती.

आधी वाटलं, असतील मागेपुढे. मग गर्दी सरली, मांडव मोकळा झाला, तरी आत्याबाई दिसेनात. देवळाला वळसा घातला. मागच्या विहिरीत डोकावले. तळाला थोडं काळं पाणी होतं. त्यात आभाळ दिसत होतं, दुसरं काही नाही. गल्लीच्या तोंडाशी रसाचं गुऱ्हाळ होतं. घुंगरांच्या आवाजाने त्या इकडे आल्या असतील म्हणून धावले. कसंबसं विचारलं, तर गुऱ्हाळवाला म्हणाला, "म्हातारी? सकाळपासनं धा म्हाताऱ्या रस पिऊन गेल्या, बाई. तुजी कंची?" त्यांची चप्पल देवळाच्या पायरीशी तशीच पडलेली होती. म्हणजे त्या अनवाणी होत्या. चैत्राच्या उन्हात रस्ता तव्यासारखा तापलेला. डांबर पायाला चिकटत होतं. कुणी पाणी पाजलं असेल का? एखाद्या ट्रकपुढे गेल्या असतील का? स्टँडवर जाऊन कुठल्या तरी एसटीत बसल्या असतील, तर ती कुठल्या गावाला नेऊन सोडेल? आपलं गाव त्यांना सांगता येईल का? मालकांना मी काय तोंड दाखवू?

परत मांडवात आले. तिथे माईकपाशी एक पांढऱ्या टोपीचे गृहस्थ भजनाची तयारी करत होते. मी शेजारी जाऊन उभी राहिले. त्यांनीच विचारलं, "काय गं, हरवलं का कोन?"

"आत्याबाई."

"नाव काय त्यांचं?"

सासूचं नाव सुनेने कसं घ्यायचं? मी म्हणाले, "सोनईपाशी गाव हाय, ध्यान ऱ्हात न्हाई त्यांना. हिरवं लुगडं हाय."

"हिरवं लुगडं आज निम्म्या नगरनं नेसलंय." तरी त्यांनी भोंग्यावरून सांगितलं की सोनईकडची एक म्हातारी चुकली आहे, कुणाला दिसल्यास देवळात आणावी. दोनदा सांगितलं. मी वाट पाहिली. कुणी आलं नाही. मग ते म्हणाले, "म्हातारीला सोताचं भान नसंल, तर तिच्या लेकाचं नाव सांगू. ते कानावर पडलं की ती हालंल. काय नाव तुज्या मालकाचं?"

लग्नानंतरच्या बारा वर्षांत मी ते नाव कधी उच्चारलं नव्हतं. नाव घेतलं की धन्याचं आयुष्य कमी होतं, असं लहानपणापासून ऐकलेलं. खरं की खोटं, कुणाला ठाऊक? पण एकीकडे सासू उन्हात हरवलेली, आणि दुसरीकडे नवऱ्याच्या आयुष्यावर घाला घालायचा, असं मला वाटलं. गृहस्थ चिडले. "अगं, बोल की! म्हातारी उन्हानं मरंल आन् तू लाजत बस!"

मी देवळाच्या पायरीवर जाऊन बसले आणि पहिल्यांदा रामाशी भांडले. मनात म्हणाले, तुलाच हात जोडायला मी त्यांचा हात सोडला. तू घेतलास का त्यांना? घेणार असशील तर मला आधी सांगायचं होतंस. मी जोडले नसते हात. पाळणा अजून हलत होता, दोरी कुणी तरी ओढत होतं. मला त्या पाळण्याचा राग आला. मग रडून रडून राग संपला आणि काहीच उरलं नाही. मागायलाही काही सुचेना. मी एवढंच म्हटलं, माझ्याने होत नाही. आता तू बघ.

पायरीच्या खालच्या बाजूला एक कासारीण बांगड्यांची टोपली घेऊन बसली होती. चांगली आडव्या अंगाची, तोंडात पान. ती सगळं ऐकत होती, हे मला तेव्हा कळलं.

"ए बाई," ती म्हणाली, "नाव घ्यायची लाज वाटती ना तुला?"

मी मान हलवली.

"मग उखान्यात घे. उखान्यातल्या नावानं कुनाचं आयुष्य कमी झालंय? लगीन लागलं तवा घेतलंसच की!"

"हितं? भोंग्यात?"

"न्हाईतर काय माज्या टोपलीत घेतीस?" तिने माझा दंड धरला, उठवलं आणि माईकपाशी नेऊन उभं केलं. "दादा, हिला बोलू द्या."

मला एकच उखाणा येत होता. लग्नात मला एकही येत नव्हता, तेव्हा पाहुण्या बायका हसत होत्या. आत्याबाईंनी मला आत ओढलं, उभ्या उभ्या एक जुळवला आणि माझ्या कानात तीनदा म्हणून घेतला. मी पदर तोंडावर ओढला, डोळे मिटले आणि म्हणाले,

"सोनईच्या बाजारात घेतली घागर,
सोपानरावांच्या संगं बघीन मी नगर."

माझाच आवाज वरच्या भोंग्यातून गल्लीभर गेला. मांडवातले लोक हसले. एक जण ओरडला, "बघितलं का मग नगर?" कासारीण त्याच्याकडे वळून म्हणाली, "तुज्या बायकूला दाव आधी!" मग मला म्हणाली, "आनखी एकदा म्हन." मी पुन्हा म्हटलं. या वेळी कुणी हसलं नाही. पांढऱ्या टोपीच्या गृहस्थांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं होतं. मी तिसऱ्यांदा म्हटलं, तेव्हा शब्द रडण्यात गेले.

आणि मग आम्ही वाट बघत राहिलो. कासारणीने मला तिच्या तांब्यातलं पाणी दिलं.

थोड्या वेळाने गल्लीच्या वळणावरून बायकांचा घोळका आला. मधोमध आत्याबाई होत्या. केसांत मोगऱ्याचा गजरा, हातात कैरीच्या डाळीचा द्रोण, ओटीत भिजवलेले हरभरे. मला पाहून त्या रागाने म्हणाल्या, "कुटं हिंडतीस गं? मी कवाची हळदीकुंकवाला बसलीया!"

झालं होतं ते असं. मागच्या गल्लीतल्या एका घरी चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. आत्याबाई ऊन चुकवायला त्या घराच्या ओट्यावर बसल्या होत्या. बायका येऊ लागल्या, तशा त्याही त्यांच्यामागून आत गेल्या. सवाष्ण बाई, कपाळभर कुंकू, नवं लुगडं. तिला कोण विचारणार, तू कुणाची? त्या घरच्या बाई मला सांगत होत्या, "मला वाटलं शेजारणीच्या आई. शेजारणीला वाटलं माझ्या सासरच्या. म्हातारी चुकली म्हणून भोंगा ओरडत होता, तेव्हा मीच यांना पन्हं देत म्हटलं, बिचारी कोण असेल हो! तर यांनीही मान हलवली, 'व्हय, बिचारी.' आणि मग तुमचा उखाणा आला. तशा या ताडकन उठल्या. म्हणाल्या, 'ही माजी सून! म्याच शिकिवलंय तिला!'"

मी आत्याबाईंच्या पायांशी बसले. तळव्यांना फोड आले होते. चालणं शक्य नव्हतं. कासारणीने टांगा बोलावला. भाड्यासाठी चंची उघडली, तर ती रिकामी होती. आत्याबाईंनी सगळे पैसे गौरीपुढच्या तबकात ठेवले होते. "देवीला वाह्यले," त्या म्हणाल्या. मी पुन्हा रडायच्या बेतात होते. कासारणीने कनवटीचे दोन रुपये काढून टांगेवाल्याच्या हातावर ठेवले. मी तिला नाव-गाव विचारलं. ती म्हणाली, "माजं गाव जिथं जत्रा तिथं. रामनवमीला मातुर हितंच असती. तवा दे."

गावी आलो. पुढे पाऊस आलाच नाही. विहीर आटली, बैल गेले आणि आम्ही दोघं सडकेच्या कामावर खडी फोडायला जाऊ लागलो. आत्याबाईंचं उरलंसुरलं ध्यानही त्या वर्षात गेलं. लेकाला ओळखेनात. पण एक गोष्ट गेली नाही. रोज दिवेलागणीला त्या मला विचारायच्या, "त्या बाईचं पैसं दिलंस का?" मी म्हणायची, "देते, आत्याबाई." तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरची काळजी पाहवत नसे. खडीच्या पगारातले दोन रुपये मी पदराच्या गाठीत बांधून ठेवले. घरात पीठ नसलं, तरी ती गाठ सोडली नाही.

यंदाच्या रामनवमीला आम्ही दोघी पुन्हा त्या देवळात गेलो. बारा वाजले, पाळणा हलला, सगळ्यांनी हात जोडले. माझ्या एका हातात आत्याबाईंचा हात होता. क्षणभर मी थांबले. मग सोडला आणि जोडले. डोळे उघडले, तेव्हा त्या शेजारीच हात जोडून उभ्या होत्या. मला वाटतं, माणसाचा हात आपण कितीही घट्ट धरला, तरी कधी तरी तो सुटतोच. तो कुणाच्या ओंजळीत सुटतो, एवढंच आपण पाहावं. गेल्या वर्षी तो सुटला आणि एका अनोळखी घराने त्यांना सवाष्ण म्हणून पाटावर बसवलं, गजरा माळला, पन्हं पाजलं. मी पायरीवर रामाशी भांडत होते, तेव्हा त्या तिथे सुखात होत्या. मी एवढं जाणते. याहून जास्त काही म्हणण्याची माझी योग्यता नाही.

कासारीण त्याच पायरीखाली बसली होती. मी गाठ सोडून पैसे आत्याबाईंच्या हातात दिले आणि त्यांनी ते तिच्यापुढे धरले. ती आमच्याकडे बघतच राहिली. "कोन गं तुमी? कशाचं पैसं?" तिला काहीच आठवत नव्हतं. मी टांग्याचं सांगितलं, उखाण्याचं सांगितलं. ती पान चघळत म्हणाली, "आसंल बाई. लई जनींना दिलं, ध्यानात कुठं ऱ्हातंय?" पैसे घेतले, कपाळाला लावले आणि कनवटीला खोचले.

काल संध्याकाळी घरी दिवा लावला, तशा आत्याबाई म्हणाल्या, "त्या बाईचं पैसं दिलंस का?"

"दिले, आत्याबाई," मी म्हणाले. "सगळे दिले. तुमच्याच हाताने दिले."

"बरं झालं," त्या म्हणाल्या आणि भिंतीला टेकून डोळे मिटले.