पाहुण्यांनी मागितलेली फांदी

आशियातल्या बोन्साय मंडळांनी एकमेकांकडे शिक्षक पाठवायचे, असं ठरलं होतं. त्यात इंडोनेशियाचे एक शिक्षक भारतात आले आणि देशाच्या संघटनेनं त्यांचा एक दिवस जळगावला दिला. झालं, आम्ही घर आवरायला घेतलं. म्हणजे झाडं आवरली हो. वाढलेली फूट कापली, बुंध्याशी शेवाळ बसवलं, कुणी तर पानांवर खोबरेल तेलाचा हात फिरवला. धुळ्याचं मंडळ एरंडोलला चहा घेऊन टेम्पोनं आलं, तर त्यांचीही झाडं लग्नाला निघाल्यासारखी नटलेली.

शिक्षकांनी सगळा हॉल फिरून पाहिला. मग सोबतच्या दुभाषी बाई आमच्याकडे वळून म्हणाल्या, "सर विचारतायत, काम करायचं कोणत्या झाडावर? इथं सगळी तयारच आहेत."

प्रात्यक्षिकाला रान माजलेलं झाड लागतं, हे संघटनेच्या पत्रात लिहिलेलं होतं. पत्र सगळ्यांनी वाचलेलंही होतं. पण पाहुण्यांपुढे विस्कटलेलं झाड ठेवायचं कसं? तेवढं दुसरं कुणीतरी आणेल, असं प्रत्येकाला वाटलं.

तसं एक झाड होतं, माझी चिंच. त्या वर्षी माझी बोटं इतकी आखडली होती की कात्री चालेना, म्हणून मी तिला खुर्च्यांमागे ठेवलं होतं. घरी ठेवून यायचं मन झालं नाही, एवढंच. आमच्या अध्यक्षांनी ती आल्या आल्याच पाहिली होती.

"अक्का, ती मागं दडवलेली आणा आता. मंडळाची लाज तुमच्या हातात."

"मघाशी तर म्हणालात, ही कशाला आणली."

"मघाशी पाहुणे आले नव्हते."

ही चिंच मी चिंचोक्यापासून वाढवलेली, बावीस वर्षं. मला कुणी शिकवलं नाही. झाडं मारत मारत शिकले. हिचा शेंडा पहिल्याच वर्षी शेजारच्या शेळीनं खाल्ला. खाली एक बारीक फांदी तेवढी राहिली आणि तिच्याच जिवावर झाड परत उभं राहिलं. त्या फांदीला मी कधी कात्री लावली नाही.

शिक्षकांचा हात फार हलका. तार गुंडाळताना एक पान दुखावलं नाही. बघता बघता माझ्या चिंचेला डौल आला आणि मी सुखावून बसले. तेवढ्यात त्यांनी कात्री त्याच खालच्या फांदीपाशी नेली, थांबले, माझ्याकडे पाहिलं.

दुभाषी बाई म्हणाल्या, "ही काढली तर खोड उठून दिसेल, म्हणतायत. परवानगी आहे का?"

"नाही," मी म्हणाले.

मागून कुणीतरी पुटपुटलं, "हो म्हणा अक्का, माणूस किती लांबून आलाय." मलाही कानकोंडं झालं. पाहुण्यांनी मागावं आणि आपण नाही म्हणावं, असं आयुष्यात केलं नव्हतं. पण तोंडातून हो निघेना.

तेव्हा धुळ्याचे आबा उठले. त्यांची डाळिंबाची बाग आहे, बोन्साय त्यांनी सुनेचं पाहून सुरू केलं. म्हणाले, "अक्का, रुसनी का? डाळिंबले गुटी बांधतस ना, तशी बांधी दे." आणि त्यांनी फांदीच्या बुडाशी मूठ आवळून दाखवली.

बाई गुटीला शब्द शोधत राहिल्या, तोवर शिक्षक हसले आणि त्यांनी आबांच्या मुठीवर आपली मूठ ठेवली. त्यांच्याकडेही हेच करतात: फांदीची गोल कड्यासारखी साल काढायची, ओलं शेवाळ बांधायचं, मुळं फुटली की खालून कापून वेगळं झाड करायचं. साल शिक्षकांनी काढली, सुतळी आबांनी बांधली. "कितला दिन?" आबांनी विचारलं. शिक्षकांनी तीन बोटं दाखवली. तीन महिने, हे आम्हाला कळलं.

नवरात्राच्या आधी शेवाळातून पांढरी मुळं दिसली. कापायला आबा धुळ्याहून आले, कारण माझ्याच्यानं ते झालं नसतं. छोट्या झाडाची पानं गळून गेली आणि बारा दिवस मी त्याच्याजवळून हलले नाही. तेराव्या दिवशी कोंब आला. त्याचा फोटो मी मंडळांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला. गटात नेपाळ, श्रीलंका, इंडोनेशियाची माणसं आहेत. शिक्षकांनी उत्तरात नुसतं मुठीचं चित्र पाठवलं.

मोठ्या चिंचेचा फोटोही त्यांनी मागितलाय, तो अजून दिला नाही. फांदी गेल्यावर तिचं खोड खरंच फार सुंदर दिसतं.