अर्ध्यावरचा काटा

आप्पांची गाडी तिसऱ्यांदा पेट्रोल संपून बंद पडली ती मुंब्रा बायपासवर. भर दुपार, बाजूने ट्रेलर धडधडत चाललेले. मी वर्तकनगरहून रिक्षा करून पोचले तेव्हा हातात पेट्रोलचा डबा होता आणि डोकं उन्हापेक्षा जास्त तापलेलं. दोन टेंपोवाल्यांनी गाडी पुढेमागे करत, ढकलून कडेला लावून दिली होती. ऐंशीला टेकलेले माझे वडील कठड्यापाशी उभे राहून माझी वाट बघत होते.

"काटा अर्ध्यावर होता गं," ते म्हणाले.

मी किल्ली फिरवली. काटा तळाला.

"हा अर्ध्यावर आहे? आप्पा, काय बोलताय तुम्ही?"

ते चष्मा वर करून काट्याकडे बघत राहिले. "मघाशी होता," एवढंच म्हणाले.

आधी पत्रीपुलाजवळ असंच झालेलं, मग टिटवाळ्याला. दर वेळी आजूबाजूचे लोक धावून यायचे, गाडी ढकलून बाजूला घ्यायचे, आप्पा म्हणायचे काटा अर्ध्यावर होता, आणि मी जाऊन बघते तर तळाला. आता मी कोणावर विश्वास ठेवायचा? माझा स्वभाव म्हणजे उचलली जीभ लावली टाळ्याला. तिथेच, त्या टेंपोवाल्यांसमोर बोलून गेले, "तुमच्या लक्षात राहत नाही आता काही. उद्या कोणाच्या तरी अंगावर गाडी घालाल!" आणि किल्ली माझ्या पर्समध्ये टाकली.

त्यांनी वाद घातला नाही. खरं तर तिथेच मला कळायला हवं होतं. हा माणूस सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्याच्या टाकीवरून दोन-दोन तास भांडलेला. त्या दिवशी गप्प माझ्या शेजारी बसला आणि डोंबिवलीला घरी उतरताना म्हणाला, "तू म्हणतेस तसं असेल."

मी मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतली. नंबर लागला दोन महिन्यांनी. तोवर गाडीही विकायला काढली. तिचा गिअर स्टिअरिंगला, दिवे गोल, मी शाळेत असल्यापासून घरात आहे. वरातीसाठी जुन्या गाड्या भाड्याने देणारे एक गृहस्थ घ्यायला तयार झाले, पण म्हणाले, वायरिंगचं काम आधी करून द्या. अशा गाड्यांचं वायरिंग कळणारा एक म्हातारा मिस्त्री आंबिवलीला आहे. डॉक्टरांच्या तारखेच्या आठवडाभर आधी मी गाडी तिकडे घेऊन गेले. टाकी वाटेत फुल केलेली. आप्पा बाजूला बसून आले, हात मांडीवर ठेवून.

मिस्त्रीने टाकीवरची वायर काढली तसा काटा तळाला गेला. तीच वायर नुसती पत्र्याला टेकवली, तर टुणकन फुलवर. "मीटर चांगलंय, वायर चांगलीये," तो म्हणाला. "मग आता टाकीचं पोट बघू." टाकीत पेट्रोलवर तरंगणारा एक छोटा डबा असतो. त्याचा दांडा वरखाली होतो तसा काटा हलतो. त्याने वायर परत जोडली, टाकीखालचा नट सैल केला आणि पेट्रोल कॅनमध्ये सोडलं. मी आत बसून काट्यावर नजर ठेवली. आप्पा खिडकीशी उभे.

काटा खाली खाली आला, अर्ध्यावर थांबला. एक कॅन भरला, दुसरा भरला, काटा तिथेच.

"अजून अर्धी आहे?" मी ओरडून विचारलं.

"कसली अर्धी ताई, थेंब नाही उरला!"

आप्पांनी खिडकीची कड घट्ट धरली. मिस्त्री मागे गेला, डिकीवर दोन्ही हात ठेवून त्याने गाडीला दोन दणदणीत हेलकावे दिले. आणि काटा आमच्या डोळ्यांदेखत धपकन तळाला गेला.

टेंपोवाल्यांनी ढकललं, पत्रीपुलावर रिक्षावाल्यांनी ढकललं, तेव्हा हेच झालं होतं. मी पोचायच्या आत काटा सुटायचा, आणि मी त्या काट्याच्या साक्षीवर आप्पांना खोटं ठरवलं. चोर सोडून संन्याशाला सुळी.

मिस्त्रीने दांडा बाहेर काढला. एका बाजूला वाकलेला होता, टाकीच्या आतल्या पत्र्याच्या पडद्याला घासत होता. "टाकी कधी उतरवलेली का?"

उतरवलेली. मीच. दिवाळीला आप्पांना भेट म्हणून साफ करून घेतली होती, आमच्याकडच्या एका गॅरेजात. परत बसवताना वाकला असणार.

"म्हणजे काटा अर्ध्यावरच होता?" आप्पांनी विचारलं. मिस्त्री हो म्हणाला. थोड्या वेळाने त्यांनी पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मिस्त्री म्हणाला, "काका, तुमचंच बरोबर होतं. लिहून देऊ का?"

दांडा सरळ करून, पेट्रोल परत भरून निघताना मी किल्ली आप्पांसमोर धरली. त्यांनी घेतली नाही.

"आप्पा, माझं चुकलं. खरंच चुकलं. गाडी विकायची नाही आपल्याला. चालवा तुम्ही."

"तू चालव." गाडीत बसल्यावर काचेतून समोर बघत म्हणाले, "मी रोज पहाटे उठून एकोणतिसाचा पाढा म्हणून बघतो. परवा मध्येच अडलो. तुला फोन करायचंही टाळत होतो. म्हटलं, बोलताना काही चुकलं तर तुझ्या लक्षात येईल."

तरीच दोन महिने त्यांचे फोन कमी झाले होते. आणि मी मनात म्हटलं होतं, बरं झालं, जरा कटकट कमी झाली. काय म्हणावं मला!

"मला तर तो पाढा कधी आलाच नाही," मी डोळे पुसत म्हटलं.

"तुला बाराच्या पुढे कुठला येत होता?" ते हसले. त्या दोन महिन्यांत पहिल्यांदा.

मला धीर आला. "डॉक्टरांची वेळ आजच रद्द करते."

"नको," आप्पा म्हणाले. "जाऊ आपण. एकदा मनात आलं ना गं, की मिस्त्रीने सांगून ते जात नाही." मग म्हणाले, "फक्त तू आत येऊ नकोस. बाहेर बस."