सिंदी लूपवरचा माणूस

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचतो आणि वाचून हसतो, हे आधीच कबूल करतो. पांढरी साडी, उलटे पाय, पिंपळाखालून आलेली हाक... बायकोला मोठ्याने वाचून दाखवतो आणि दोघंही हसतो. मीच एक दिवस इथे लिहायला बसेन असं कोणी म्हटलं असतं, तर त्याला वेड्यात काढलं असतं. भुताखेतांवर माझा आजही विश्वास नाही. पण राग आहे. खूप राग आहे, आणि तो कुठे ठेवायचा ते कळत नाही म्हणून लिहितोय.

मी वर्ध्याला एका कॉलेजच्या ऑफिसात क्लार्क आहे, राहतो पिपरी मेघेला. आमचा दहा-बारा जणांचा सायकलिंगचा ग्रुप आहे. रविवारी उजाडता उजाडता निघायचं, पन्नास-साठ किलोमीटर मारायचे, तर्री-पोहे खाऊन परत. रूट ठरलेले — सेवाग्राम, पवनार, नाहीतर पुलगावपर्यंत सरळ. ग्रुपचा कडक नियम एकच. नवा रूट जो सुचवेल, त्याने आधी तो एकट्याने चालवून यायचं आणि मगच ग्रुपवर ‘चेक केला’ असं टाकायचं.

ग्रुपमध्ये वयाने सगळ्यात मोठे गजभिये काकाजी. रेल्वेत गेटमन होते, तीस वर्षं फाटक सांभाळून रिटायर झालेले. आम्ही गियरवाले, त्यांची मात्र जुनी काळी सायकल. थांबायचं असलं की पुढच्याने मूठ पाठीमागे धरायची, असा आमचा इशारा. काकाजींना तो कधी जमला नाही. ते उजवा हात सरळ आडवा करायचे, तळवा उघडा, अजून फाटकावरच उभे असल्यासारखे. "काकाजी, गाडी येऊन राह्यली का?" असं आम्ही चिडवायचो. ते म्हणायचे, "हसा रे हसा. या हातानं लोकाईचे जीव वाचले."

गेल्या दिवाळीनंतर मी एक नवा रूट काढला. सेलूच्या पुढून आतल्या रस्त्याने सिंदी रेल्वे, आणि मोठ्या रस्त्याने परत. नाव दिलं ‘सिंदी लूप’. काढला म्हणजे काय... सोफ्यावर बसून मोबाइलच्या नकाशावर बोट फिरवलं! शुक्रवारी संध्याकाळी चेक करायला जाणार होतो, तर टीव्हीवर मॅच होती. गेलो नाही. आणि ग्रुपवर टाकलं — ‘सिंदी लूप आज चेक केला. रस्ता मस्त आहे.’

काकाजींचा वेग कमी. रविवारी आपल्यामुळे बाकीचे खोळंबू नयेत म्हणून ते शनिवारी सकाळीच एकटे रस्ता पाहून घ्यायला गेले. त्या आतल्या रस्त्यावर एका वळणाच्या लगेच पुढे पुलियासाठी, म्हणजे छोट्या पुलासाठी, अख्खा रस्ता आडवा खोदून ठेवला होता. बोर्ड नाही, दगड नाहीत, साधी काटेरी फांदीसुद्धा आडवी टाकलेली नाही. काकाजी सायकलसकट आत गेले. दवाखान्यात नेईपर्यंत संपले होते.

बोर्ड त्याच दुपारी लागला. ठेकेदार छातीठोकपणे सांगायला लागला की बोर्ड आठ दिवसांपासून तिथेच होता. वरून त्याच्या हाती माझा मेसेज लागला. "यांचाच माणूस आदल्या संध्याकाळी इथून गेला, त्याला रस्ता मस्त दिसला. म्हणजे सगळं नीट होतं. म्हातारा खाली मान घालून चालवत असेल." ठाण्यातून मला फोन आला — तुम्ही शुक्रवारी गेला होता ना? मी म्हणालो, हो. घाबरलो, दुसरं काय! झालं, कागदावर काकाजींचा निष्काळजीपणा लिहिला गेला. काकूजींना ते मान्य नव्हतं. त्यांच्या माणसाच्या नावापुढचा तो शब्द खोडून घ्यायला त्या ठाण्याच्या चकरा मारत राहिल्या. आणि मी? भेटेल त्याच्यापाशी ठेकेदाराला शिव्या घालत फिरत होतो.

फेब्रुवारीत कळलं की ते काम तसंच अर्धवट पडलंय आणि तो लावलेला बोर्डही गायब झालाय. डोकंच फिरलं. फोटो काढतो आणि जिथे तिथे टाकतो, असं ठरवून एका रविवारी एकटाच निघालो. सिंदी लूपवर माझी ती पहिली खेप.

सकाळचे साडेआठ. लख्ख ऊन. एका बाजूला कापसाचं वावर, दुसऱ्या बाजूला हरभरा. रागाच्या भरात मी जोरात मारत होतो, ठेकेदाराला काय काय ऐकवायचं ते मनात जुळवत. वळण आलं... आणि वळणावरच्या बाभळीशी एक म्हातारा उभा, काळी सायकल अंगाला टेकवून. त्याने उजवा हात आडवा केला. सरळ. तळवा उघडा.

ब्रेक दाबले तशी सायकल गिट्टीवर घसरली. पाय घासत कसाबसा थांबलो. पुढे दोन हातांवर खड्डा होता, आत लोखंडी सळ्या वर आलेल्या. मागे वळून पाहिलं तर बाभळीशी कोणी नव्हतं. हरभरा गुडघ्याएवढा, त्यात लपणार कोण?

खरं सांगतो, भीती नंतर वाटली. आधी संतापच आला. कोणीतरी काकाजींची नक्कल करतंय! मी ओरडलो, "कोण आहे बे? समोर ये!"

कापसाच्या वावरातून एक बाई धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, आली. वेचा चालू होता, कमरेची ओटी कापसाने भरलेली. "काऊन वरडता जी? थांबवलं ना तुमाले?"

"कोणी?"

"थो बुढा, सायकलवाला. रोज सकाळी उभा रायते थो. गाडी आली का हात करते. आमाले वाटलं, ठेकेदारानं माणूस ठेवला."

ठेकेदाराने माणूस ठेवला! एक पत्र्याचा बोर्ड लावायचा होता हरामखोरांना. तो लावला नाही, म्हणून मेलेला माणूस रोज सकाळी बोर्डाचं काम करतोय — आणि कागदावर निष्काळजी कोण, तर तोच!

काही बोलतो का तो, मी विचारलं.

"परवा इचारलं म्या, बावाजी, घरी काऊन नाई जात? तं म्हणे, आमचा संदीप आदल्या दिशी इथून गेलता. त्याले बोर्ड दिसला का, थे पुसाचं हाय. थो खोटं नाई बोलत, म्हणे."

संदीप म्हणजे मी. त्या बाईला मी माझं नाव सांगितलेलं नव्हतं.

फोटो राहिले बाजूला. सायकल फिरवली ती सरळ काकूजींच्या घरी. त्या गहू निवडत बसल्या होत्या. मी दारातूनच सुरू केलं... काकाजी दिसले, त्यांनी मला थांबवलं, ती बाई असं असं म्हणाली. सगळं भडाभडा ओकलो. त्यांचा सुपातला हात थांबला. मला वाटलं, आता रडतील.

"थे दिसले असतीन, नाईतर नसतीन," त्या म्हणाल्या. "तू शुक्रवारी गेलता का नाई?"

"नाही गेलो, काकूजी."

त्यांनी सूप बाजूला सरकवलं. "तीन महिने झाले. माह्या दारावरून जाऊन राह्यला तू. म्या तुले बोलावून बोलावून च्या पाजला. एका दिवशी तरी तोंड उघडाचं होतं, संदीप."



"मी मंग रडन," त्या उठल्या. "आधी ठाण्यात चाल. भुताचं नको सांगू तिथी. तू गेलता नाई, येवढंच सांग."

गेलो. त्यांच्यासमोर जबाब दिला. तो शब्द खोडला जाईल की नाही, अजून कोणी सांगत नाही; साहेब आले की बघू, म्हणतात. ग्रुपने मला काढून टाकलं, बरोबरच केलं. ठेकेदार मोकळाच आहे.

मी माझ्या परीने सगळ्या शक्यता तपासल्या. उन्हात भास झाला असेल. बाईने माझं नाव गावात कोणाच्या तोंडून ऐकलं असेल. असेलही. मला सिद्ध काहीच करता येत नाही आणि करायचंही नाही. पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही. बाई म्हणते ते खरं धरलं, तर काकाजी तीन महिने तिथे मला एकच प्रश्न विचारायला उभे होते. मी समोर आलो. त्यांनी मला ओळखलं नसेल, असं होणार नाही. तरी काही विचारलं नाही, नुसतं थांबवलं. का, ते मला आजही कळलेलं नाही... आणि सगळ्यात जास्त राग मला त्याचाच येतो.