मीराचा हातमोजा

मंडळी, आज मला एका मैत्रिणीचा हेवा वाटला आणि घरी आले तरी तो गेलेला नाही.

इथे परदेशात, आयसेलिन गावात शुभदाकडे बोरन्हाण होतं. तिच्या ईशानला डाउन सिंड्रोम आहे. हलव्याचे दागिने घालून तो पाटावर बसला होता आणि शुभदा सगळ्यांना हाका मारत होती, "अगं, या ना! बघा माझा राजा!"

माझ्या दीड वर्षांच्या मीराच्या डाव्या हाताला जन्मापासून बोटं नाहीत. त्या हातावर मी घरातही मोजा घालते. पुण्याला सासूबाईंना पाठवलेल्या एकाही फोटोत तो हात नाही.

ईशानच्या डोक्यावरून चुरमुरे ओतले, आणि बोरं मिळाली नाहीत म्हणून ब्लूबेरी. मुलं वेचायला धावली. मीराच्या मोज्यातून सगळं निसटत होतं.

"काढ की तो मोजा," शुभदा म्हणाली. "थंडी बाहेर आहे, यार."

मी तो सगळ्यांसमोर काढला. मीराने दोन्ही हातांत धरून एक ब्लूबेरी उचलली आणि थेट ईशानच्या तोंडात कोंबली. शुभदाने फोटो काढला.

तो फोटो आत्ताच सासूबाईंना ईमेल केला.

शुभदाला हे पहिल्या दिवसापासून जमलं असेल का हो? नाही म्हणालात, तर मला जरा बरं वाटेल.