टीचरचा रंग

"अगं ईऽ! टीचरला केवढी काळी केलीस! सॉरी म्हण आधी."

मिहिकाची आई भिंतीवरच्या चित्रासमोर उभी होती. इथं आखातात, अल बर्शातल्या आमच्या नर्सरीत त्या दिवशी ओपन डे. वर्गात पालकांची गर्दी. मी शेजारीच. चित्र माझं होतं, पाच वर्षांच्या मिहिकानं काढलेलं. गोल चेहरा, खांद्यावर वेणी, आणि चेहऱ्याला गडद तपकिरी रंग.

मिहिका म्हणाली, "बट टीचर इज ब्राऊन, मम्मा."

दोन-चार पालक हसले. आईनं टेबलावरचा ब्रश उचलला, पांढऱ्या रंगात बुडवला, लेकीच्या हातात दिला.

"लाव. टीचरला जरा छान कर."

मीही हसून घ्यायचं, हीच सवय होती. सातवीत असताना, बीडकडच्या आमच्या गावात, चित्रकलेचे सर म्हणाले होते, "हिचं चित्र काढायला कोळसा पुरे. रंग कशाला नासायचे?" सगळा वर्ग हसला. मीसुद्धा हसले. आपण हसलं की लवकर संपतं. पुढे त्याच चित्रकलेचा डिप्लोमा केला. लग्न झालं. नवरा रास अल खोरच्या वर्कशॉपमध्ये वेल्डर. मी इथं आर्ट टीचर. व्हिसा नर्सरीचा.

ओपन डेच्या आधी आमचे रेषा आणि आकार शिकवून झाले होते. रंग चालू होते. खडूंच्या खोक्यात एका खडूवर 'स्किन' असं छापलेलं. फिक्कट गुलाबी. माणूस काढायचा म्हटलं की पोरं त्याच खडूसाठी भांडायची. केरळची, लाहोरची, कैरोची, मनिलाची पोरं. त्या रंगाचं एकही नाही.

मी तो खडू काढूनच घेतला. लाल, पिवळा, निळा ताटल्यांत ओतला. म्हटलं, "आपापला हात ताटलीशेजारी धरा. जुळेपर्यंत मिसळा." पिवळा वाढवला की गव्हाळ होतो. निळा टाकला की गडद. ह्यालाच छटा म्हणायचं. पोरांनी कोपरापर्यंत रंग माखून घेतले. आपला रंग आपणच बनवला म्हणून एकेक जण नाचत होता.

मिहिकाला मात्र माझा रंग हवा होता. ब्रश माझ्या गालाजवळ धरायची, मान तिरकी करून बघायची, परत ताटलीकडे पळायची. "डोन्ट मूव्ह, टीचर!" पुन्हा मिसळायची. जुळला तेव्हा ओरडली, "खलास! गॉट इट!"

माझ्या चेहऱ्याकडे इतकं मन लावून आजवर कुणी पाहिलं नव्हतं. लग्न ठरवतानासुद्धा नाही. तेव्हा सगळे रंग बघत होते, पण दुसऱ्या हिशेबानं.

आणि आता तीच पोर हातात पांढरा ब्रश घेऊन उभी. आईकडे बघते. माझ्याकडे बघते. आपलं काय चुकलं, तिला कळेना.

मला हसू आलं नाही. मी तिच्या हातातून ब्रश काढून घेतला.

"मिहिका, तुझं चित्र बरोबर आहे." मग तिच्या आईला म्हटलं, "ताई, तिनं रंग नीट जुळवलाय. मी अशीच आहे. ह्यात सॉरी म्हणण्यासारखं काही नाही."

तिचा चेहरा उतरला. मग ती जवळ आली. आवाज खाली.

"हे असलं तुमच्यात चालत असेल. आमच्यात नाही शिकवत."

तुमच्यात. आमच्यात. वर्गाच्या दारावर माझं आडनाव होतं. तिनं ते वाचलं होतं. विमानात बसून माणसं समुद्र ओलांडतात, हे दोन शब्द हातातल्या बॅगेत घेऊन येतात. त्यांना व्हिसा लागत नाही.

मी म्हटलं, "ताई, मोठ्यानं बोला ना. तुमच्यात काय शिकवतात, ते सगळ्यांना कळू दे."

ती तडक सुपरवायझरकडे गेली.

पालक गेल्यावर मला बोलावणं आलं. सुपरवायझर वाईट नव्हती. तिला फक्त भानगड नको होती.

"मॅडम को सॉरी बोल दो. बात खलास."

"किस बात का सॉरी?"

"पेरेंट है. तुम समझती क्यों नहीं?"

"समझती हूँ. इसीलिए नहीं बोलूँगी."

दुसऱ्या आठवड्यापासून माझा आर्टचा तास काढून घेतला. मला तान्ह्यांच्या खोलीत टाकलं. डायपर, दुधाच्या बाटल्या. माझ्या वर्गात आता छापील चित्रं वाटतात. रेषेच्या आत रंग भरायचा. आणि माणसाला तोच गुलाबी खडू.

नवरा म्हणाला, "एक सॉरीच तर होतं. टाकायचं बोलून. मी वर्कशॉपमध्ये रोज बोलतो."

"तुम्ही रोज बोलता, म्हणूनच मी नाही बोलले."

मग तो म्हणाला, "बरं केलंस."

काँट्रॅक्ट संपत आलंय. रिन्यू होईल असं वाटत नाही. करामातल्या एका शाळेत इंटरव्ह्यू दिला. विचारलं, आत्ताची नोकरी का सोडताय? सगळं सांगितलं. काही गाळलं नाही. घेतील, नाहीतर नाही घेणार. परत जावं लागलं तर जाईन.

पण जिथं शिकवेन, तिथं ह्याच चेहऱ्यानं उभी राहीन. आणि माझ्यासमोर कुणी एखाद्या लेकराला त्याच्या डोळ्यांनी पाहिलेलं खरं पुसायला लावलं, तर तो हात मी धरणार. तिथल्या तिथे. सगळ्यांदेखत.