राखेतली रताळी

आमच्या झाशीच्या रेल्वे कॉलनीत एकादशीला माझ्या रताळ्यांची वाहवा होते. ती रताळी माझी नाहीत. सत्तरी उलटली, आता हे लिहून टाकतो.

लोको शेडमागे एक बाई इंजिनांच्या राखेतून अर्धवट जळलेला कोळसा वेचायची. रताळ्याला चीर देऊन ती आत गूळ, सुंठ, वेलदोडा भरायची आणि पळसाच्या पानात गुंडाळून गरम राखेत पुरायची. मग राखेजवळ कान नेऊन बसायची. गुळाची चुरचुर थांबली की म्हणायची, "चुप हो गई, बाबूजी. अब निकालो." तिचं एकही रताळं कधी करपलं नाही.

एका आषाढीला मी तिच्याकडून टोपलीभर करून घेतली. तिच्या हातचं आमच्या लोकांना उपासाला चाललं नसतं, म्हणून सांगितलं, "मीच भाजली." सगळे बोटं चाटत असताना ती बाई आपली टोपली न्यायला दारात उभी राहिली. तिच्या एका शब्दानं माझी अब्रू गेली असती. मी घाईनं तिच्या हातावर एक रताळं ठेवलं, दान दिल्यासारखं.

तिनं शांतपणे खाल्लं आणि पदराआड हसत म्हणाली, "अच्छी बनाईं, बाबूजी. बस, सोंठ तनक कम है."

सगळे हसले. मीही हसलो.

तेव्हापासून मी सुंठ जास्त घालतो, शेगडीच्या राखेशी कान नेतो. येत्या एकादशीला खरं सांगणार आहे. पण कुणाची रताळी म्हणून सांगू? तिचं नाव मी कधी विचारलंच नाही.