डायरीवाली

डायरीवाली आधी घड्याळ बघायची, मग लिहायची. केजच्या कोर्टात माझ्याकडे इंटर्नशिपला आलेली ती कायद्याच्या शेवटच्या वर्षाची मुलगी. तिचं नाव मी क्वचितच घेतलं. आम्ही सगळे वकील तिला डायरीवालीच म्हणायचो.

आमच्याकडे इंटर्नशिप म्हणजे रोज कोर्टात पाहिलेलं लिहायच्या डायरीवर महिनाअखेरची सही. पोरं कुणाची तरी डायरी उतरवून आणतात, आम्ही चहा पिता पिता सह्या करतो. ही मात्र पहिल्याच दिवशी साडेदहाला जीपमधून उतरून हजर.

"अगं, रोज यायची गरज नाही," मी म्हणालो.

"मग लिहू काय, सर?"

शेजारचे वकील हसले. "हिला जज करा बे आधी!"

तिचे वडील मेंढरं राखायचे. डब्यातली भाकरी अर्धी मोडून ती माझ्यापुढे ठेवायची. पुकारा कुणाच्याही केसचा होवो, ही बाकावरून उठून उभी राहायची. मी चिडवलं, तर म्हणाली, "कुनी तरी उभं दिसावं, सर."

सोनाबाई ही माझी पक्षकार, बांधाच्या वादातली म्हातारी. तिच्या एका तारखेला मी पुढाऱ्याच्या सत्काराला गेलो आणि संध्याकाळी तिला फोनवर सांगितलं, "आज जजसाहेबांनाच वेळ नव्हता." डायरीत मात्र असं होतं: '११.४० ला पुकारा झाला. सर आले नव्हते. मी उभी राहिले, पण मला बोलायचा अधिकार नाही. पुढची तारीख पडली. सोनाबाई सकाळपासून बसून होत्या.'

महिनाअखेरीस ती सहीला आली.

"हे पान बदल. जजसाहेब रजेवर होते असं लिही."

तिने ते पान पुन्हा वाचलं. मग म्हणाली, "माझ्या लई चुका झाल्या असतील, सर. पर हे झालेलं हाय."

मी डायरी खणात टाकली. "बदलायचं ठरलं की ये." त्याच दुपारी मी कधीही न पाहिलेल्या सात मुलांच्या डायऱ्यांवर सह्या केल्या.

कॉलेजात डायरी द्यायला दोन दिवस उरले होते. एका वकिलाने तिला सांगितलं, "कोरी वही भरून आण, मी सही देतो." तिने भरली नाही. तिचं वर्ष वाया गेलं. वडिलांनी कडा गावाकडच्या एका घरात तिचं लग्न लावून दिलं.

दोन वर्षं ती डायरी माझ्या खणात तशीच पडून होती. शेवटी मी सही केली आणि डायरी घेऊन तिच्या सासरी गेलो. तिने पाणी दिलं, चहा केला, पदराला हात पुसून शेवटचं पान उघडलं.

"सर, सही आत्ताची हाय ना?"

"हो."

"मग तारीख दोन वर्षं मागची कावून?"

ती तारीख मी सवयीने टाकली होती. तिने डायरी मिटून माझ्या हातात परत दिली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"साडेचारची एसटी हाय, सर. निघा, चुकंल तुमची."